आखूड ‘अहो’ म्हणजे ब्रेक

हे मी आता शेवटचं सांगतोय. लिहूनच टाकतो, म्हणजे झंझट मिटली. काशीत मंगला गौरीच्या देवळाच्या बाजूला आम्हा मराठी मंडळींचं काही असलं, सत्यनारायण असो की कुणाची मुंज, हातात चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "नाना, ते गाडीच्या शाळेचं सांगा ना!" मी म्हणतो, नाही सांगत. मग दुसराच कुणी सांगतो, आणि चुकीचं सांगतो! किश्शांचं आमच्या गच्चीवरच्या माकडांसारखं आहे. एकाला चणे टाकले की दहा येतात, आणि जाताना तुमचाच चष्मा घेऊन जातात. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन बघायचं असेल त्याने पुढे वाचू नये.

त्या दिवसाबद्दल तीन जणांनी माझी माफी मागायची होती. दोघांनी मागितली. एक बाकी आहे. नाव शेवटी घेईन.

* * *

मी दुर्गाघाटचा. चाळीस वर्षं अँबॅसॅडर चालवली. महाराष्ट्रातून यात्रेकरू येत, त्यांना स्टेशनवरून उचलायचं, प्रयाग-गया करून परत आणून सोडायचं. आता धंदा बंद, गाडी चालू. पण गाडी घरापर्यंत येत नाही. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. गाडी उभी असते मैदागिनला, एका ओळखीच्याच्या अहात्यात, म्हणजे आवारात. म्हणजे गाडीत बसायला मी आधी वीस मिनिटं पायी जातो! किल्ली मात्र जानव्याला. आंघोळीलाही सुटत नाही.

तर मैदागिनला एका ठेल्याला माझी गाडी जरा लागली. ठेला उभा होता, एवढं मी कबूल करतो. ही बातमी मुलीकडे गेली, मुलीकडून जावयाकडे. जावई बँकेत. एक दिवस येऊन म्हणतो, "मामा, रविवारी रामनगरच्या पुढे परफॉर्मन्स ड्रायव्हर ट्रेनिंग आहे. आपापली गाडी घेऊन यायचं. सकाळी आठ ते चार."

माझ्या कानात ‘परफॉर्मन्स’ तेवढं राहिलं. बनारसमध्ये परफॉर्मन्स म्हणजे काय? गाणं! नाहीतर तबला. म्हटलं, जावई चांगला निघाला, सासऱ्याला आठ तास गाणं ऐकवतोय. मी धुवट धोतर नेसलो, काळी टोपी घातली. आमच्या हिने सतरंजी घेतली, थर्मास घेतला, दशम्या घेतल्या.

मैदानावर ना स्टेज, ना माईक. नुसते नारिंगी शंकू मांडलेले. म्हटलं, कलाकार यायचे असतील. पुढची जागा जायला नको म्हणून आम्ही सतरंजी अंथरून बसलो. तेवढ्यात काळा चष्मा आणि लाल टोपी घातलेला एक गडी शिट्टी फुंकत धावत आला.

"अंकल, यह ब्रेकिंग ज़ोन है! यहाँ मत बैठिए!"

मी म्हटलं, "बैठने दो भैया, पीछे से हमको सुनाई नहीं देता!"

* * *

मग जावयाने मला बाजूला घेतलं. "मामा, खरं सांगतो. हे ट्रेनर साहेब दिल्लीहून आलेत. शेवटी प्रत्येक गाडीला एक कागद देणार. पास असेल तर किल्ली तुमची. नापास असेल तर गाडी उभी राहील, आणि किल्ली माझ्याकडे."

मी विचारलं, "आणि गाणं?"

"गाणं नाही मामा."

आता जावयाला काय बोलणार? मुलाला चार शिव्या देता येतात. जावयाला पाट मांडावा लागतो. मी जानव्याला हात लावून बघितला. किल्ली होती. चार वाजेपर्यंत तरी होती.

* * *

दुर्गाघाटच्या तीन गाड्या होत्या. एक माझी. दुसरी बाळंभटांची. ते घाटावर श्राद्धपक्ष करतात, यजमानांना ने-आण करायला व्हॅन घेतलीय. तिसरी खऱ्यांची. खरे रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर.

पहिला नंबर खऱ्यांचा. गाडी चालू केली आणि बसून राहिले. ट्रेनर म्हणतो, "चलिए सर." खरे हलेनात. ट्रेनर म्हणतो, "गो! गो!" खरे ढिम्म. ट्रेनर पुढे येऊन दोन्ही हात हलवायला लागला, तर खऱ्यांनी इंजिनच बंद केलं.

मी जाऊन विचारलं, "काय हो खरे, बिघडली का?"

"बिघडेल कशाला? समोर लाल दिसतंय. पस्तीस वर्षांत लालवर गाडी काढली नाही, आज काढू?"

शेवटी ट्रेनरने टोपी काढून खिशात घातली. तेव्हा खरे निघाले, आणि निघताना खिडकीतून हात काढून त्याला हिरवा रुमाल दाखवला!

* * *

ट्रेनर म्हणाला, आता ‘सलाम’ करायचा. मी हात कपाळाला लावून केला. तो बघतच राहिला. मग कळलं की शब्द वेगळाच होता, स्लॅलम की काय. शंकूंच्या रांगेतून नागमोडी गाडी काढायची. आता हे आम्ही बनारसवाले रोजच करतो, फक्त आमचे शंकू शिंगं असलेले असतात.

मी म्हटलं, ठीक. आणि हॉर्न दिला.

"अंकल, हॉर्न क्यों?"

"सामने है ना वो!"

"वह कोन है अंकल. वह नहीं हटेगा."

न हटायला काय झालं? मैदागिनची म्हैससुद्धा तीन हॉर्नला हटते. मी पाच दिले. शंकू जागचा हलला नाही. असला उद्धट रस्ता मी जन्मात पाहिला नाही.

ही पहिली फेरी सावकाश, ओळखीची. त्यामुळे ही माझ्या शेजारी बसली होती. एकही शंकू पडला नाही! ट्रेनरने अंगठा दाखवला. जावई जरा हिरमुसला, मला दिसलं. माझे डोळे ठणठणीत आहेत. फक्त लांबचं आणि जवळचं जरा पुसट दिसतं. मधलं स्वच्छ.

* * *

मग ट्रेनरने वर्ग घेतला. म्हणाला, "गाड़ी वहीं जाएगी जहाँ आपकी नज़र जाएगी. खतरे को मत देखिए. जहाँ जाना है, वहाँ देखिए."

मला हे पटलं. दिवसभरात तेवढंच पटलं. दुसरी फेरी जरा भरभर होती. मी निघालो, आणि जिथे जायचं होतं तिथे बघितलं. गाडी वळणावर न वळता सरळ चहाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

ट्रेनर धापा टाकत आला. "अंकल, इधर कहाँ?"

मी म्हटलं, "आप ही बोले, जहाँ जाना है वहाँ देखो. एक कप देना. चीनी कम."

* * *

इथवर सगळं हसण्यावारी होतं. सगळं बिघडलं ते पुढच्या फेरीत.

ट्रेनर म्हणाला, आता खरं वेगाचं काम, एका गाडीत एकच माणूस. माताजी खाली उतरतील. ही उतरली. कडेला कडुनिंब होता, त्याला पार बांधलेला, तिथे सावलीत सतरंजी टाकून बसली.

मी एकटा निघालो. पहिला शंकू गेला. दुसरा गेला. तिसरा चाकाखाली अडकून चौथ्यापर्यंत सोबत आला. रांग संपली तेव्हा मागे एकच शंकू उभा होता, आणि तो कुणी मांडायला विसरलं म्हणून लांब राहिला होता.

ट्रेनरचं डोकं चालेना. "अंकल, सुबह तो एक भी नहीं गिरा था! यही गाड़ी, यही कोन. फ़र्क क्या हुआ?"

मी खरं तेच बोललो. "सुबह ये बगल में थी."

जावयाने कान टवकारले. "म्हणजे? मामी काय करतात बगलेत बसून?"

काय करते! बसते. बोलते. लग्न झाल्यापासून तिने माझं नाव घेतलेलं नाही, अहो म्हणते. आखूड ‘अहो’ म्हणजे ब्रेक. लांब ‘अहोऽऽ’ म्हणजे डावीकडे घ्या. दोनदा ‘अहो अहो’ म्हणजे हॉर्न. आणि काहीच बोलली नाही तर रस्ता मोकळा, किंवा ती रागावलीय. सगळ्यांच्याच घरी असं असतं, असं मला वाटत होतं.

जावई खरंच गंभीर झाला. "मामा, ठेल्याला लागली त्या दिवशी मामी होत्या?"

"नव्हती. माहेरी गेली होती."

त्याने माझ्या जानव्याकडे बघितलं. किल्लीसाठी हात पुढे केला नाही एवढंच. ट्रेनर म्हणाला, अजून एक परीक्षा बाकी आहे, ब्रेकची. त्यात बघू. मी गाडीत जाऊन बसलो आणि जानव्याला हात लावला. चाळीस वर्षं तिथे काही ना काही खुळखुळतंय. नुसतं जानवं घालून फिरायचं म्हणजे मग बाळंभटांसारखं काहीतरी पाठ पाहिजे, आणि मला तर संध्यासुद्धा अर्धीच येते.

* * *

शेवटची परीक्षा अशी. कडुनिंबाच्या पाराला वळसा घालून जोरात यायचं, पलीकडे टँकरने पाणी सोडलं होतं, त्या ओल्यात ब्रेक मारून गाडी सरळ उभी करायची, मग पाणी ओलांडून निघून जायचं. आता पारावर शंकराची एक लहानशी पिंडी होती. काशीत मोकळी जागा म्हटली तर एवढी असायचीच. आणि टँकर उभा पिंडीच्या मागे.

बाळंभट आधी गेले. पाराच्या आड दिसेनासे झाले. ट्रेनरने घड्याळ बघितलं, त्याच्या हिशेबाने ते पार निघून गेले असणार. "अंकल, चलिए! पूरा ज़ोर!"

मी सोडली गाडी. शेजारची सीट रिकामी. कानात नुसतं इंजिन. पाराला वळसा घेतला, समोर पुसट, सगळंच पुसट, आणि पारावरून आवाज आला.

"अहो!"

आखूड.

माझा पाय आपोआप खाली गेला. कशासाठी, ते मला काही माहीत नाही. गाडी किंचाळली, सरळ उभी राहिली, आणि काचेपुढे हातभर अंतरावर बाळंभटांच्या व्हॅनचं मागलं दार! व्हॅन रिव्हर्समध्ये माझ्याकडे येत होती!

ट्रेनर धावत आला. "अंकल! क्या ब्रेक मारा है! लेकिन पेड़ के पीछे से आपने देखा कैसे?"

मी म्हटलं, "देखा नहीं. सुना."

बाळंभट खाली उतरले, उपरणं सावरत. मी ओरडलो, "अहो, उलटे कुठे येताय? मारायला निघालात का?"

"नाना, तुम्ही काशीत जन्मलात ना? पिंडीवरून आलेलं पाणी ओलांडतात का? तिथवर जायचं आणि उलटं फिरायचं. शंकराला अर्धीच प्रदक्षिणा!"

"ते टँकरचं पाणी आहे!"

"टँकरचं असो की गंगेचं, वाट पिंडीपासूनच आहे. मी धर्माने आलो. तुम्हीच मागून घुसलात."

खरे मध्ये पडले. "दोघंही चुकलात. गार्डने झेंडी दाखवल्याशिवाय गाडी मागे घेता येत नाही."

यावर आमचं अर्धा तास चाललं. जावई आम्हाला आवरत होता. तेवढ्यात तिकडे ट्रेनर पारावर हिच्याशेजारी बसून कागद लिहीत होता. आमचे गाड्यांचे नुसते नंबर होते, नावं त्याच्याकडे नव्हती. माझा नंबर चार. त्याने हिलाच विचारलं, "माताजी, चार नंबर गाड़ी कौन चलाता है? नाम बोलिए."

चार वाजता जावई कागद घेऊन आला. इंग्रजी मला येत नाही. त्याने वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"मामा, पास आहे."

मी जानवं घट्ट धरलं.

"गाडी नंबर चार, नजर उत्तम, निर्णय झटपट, डोकं शांत. पास." मग घसा खाकरला. "फक्त नाव मामींचं आहे."

मी हिच्याकडे वळलो. "अगं, हे काय केलंस?"

"त्यांनी नाव विचारलं. आजवर कधी तुमचं घेतलंय, ते आज परक्या माणसापुढे घेऊ? माझं सांगितलं."

"मग गप्प बसायचं होतं!"

"गप्प बसले असते तर आत्ता बाळंभटांच्या व्हॅनमध्ये असता."

जावई म्हणाला, "मामा, ठरलं होतं. ज्याचा कागद, त्याची किल्ली." हिने पुढे होऊन जानव्यातून किल्ली सोडवली आणि कमरेला खोचली. तिथे ती अशी बसली, जशी कायम तिथेच होती. मग गाडीत बसली, शेजारच्या सीटवर, आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. रामनगरचा पूल आला. पुलावर म्हणाली, "अहोऽऽ." मी डावीकडे घेतली.

जावईबापूंनी पुढच्या रविवारी पेढे आणून माफी मागितली. बाळंभटांनीही मागितली, पण म्हणाले, मी नाही, शंकराने मागितली असं समजा. तीही मी घेतली.

राहिलं एक. तिने माझं नाव घेतलं नाही, तसं मीही तिचं कधी घेतलं नाही, ‘अगं’ वर भागलं. पण आता लिहायलाच बसलोय तर घेतो. माझी माफी मागायची राहिलीय ती वत्सलेने.