बाबूजींनी दिलेले दहापैकी दहा

बाबूजींनी बालाघाटच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं आणि कुणालाच, अगदी मलाही, पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. उत्तर बरोबर आलं तर अक्षरासाठी अर्धा मार्क कापायचे. असा माणूस रिटायर झाल्यावर पहिली गाडी घ्यायला निघाला, तेव्हाच आई आणि मी समजलो, हे प्रकरण लांबणार.

तीन महिने ते मोबाइलवर गाड्यांचे रेटिंग वाचत होते. कोणती गाडी भरवशाची, मालकांनी कुणाला किती तारे दिले, सगळं वहीत उतरवलेलं. आई वरण वाढता वाढता विचारायची, "पण हे तारे देते कोन?"

"लोक देतेत. एवढे लोक खोटं काहून बोलतीन?"

वहीत पहिली आलेली गाडी गोंदियाहून घरी आली. महिन्याभरात मागचं दार खडखडायला लागलं. मग राजेगावच्या पुलावर ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली गेली ती वर यायलाच तयार नाही. थंडीचे दिवस. बाबूजी कानाला रुमाल बांधून घरी आले आणि म्हणाले, "हवा मस्त लागते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरची बाई त्यांना पाहून उभीच राहिली. "सर, ओळखलं काय मले? तुम्ही मले नववीत एका मार्कानं नापास केलतं."

"स्टेप गाळली असशीन."

"हौ सर," ती हसत म्हणाली.

तिनं काच लगेच दुरुस्त करून दिली. दाराचा पार्ट मात्र 'येऊन राह्यला' होता. निघताना तिनं हात जोडले. "सर, कंपनीचा फोन येईन. दहापैकी किती, असं विचारतीन. दहाच सांगजा. नऊ म्हटले तरी आमच्याकडं फेल धरतेत, अन् बोलणी मले बसतेत."

"नऊ म्हणजे फेल?" दाराच्या खडखडीपेक्षा हे गणित बाबूजींना जास्त लागलं. घरी येईपर्यंत ते तेच पुटपुटत होते.

दोन दिवसांनी दुपारी फोन आला. "सर, आप गाड़ी और सर्विस को दस में से कितने नंबर देंगे?"

बाबूजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "दस."

"कोई शिकायत?"

"नहीं."

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे पाहीनात. मी सोडते की काय! "बाबूजी, मले तर कधी दहा नाई देल्ले."

"तुले कोनी बोलणार नव्हतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी वही उघडली आणि हळूच विचारलं, "मंग म्या वाचलेले तारेही असेच आले असतीन काय?"

"काही लोक खरं बोलले असतीन."

"पण कोनते?"

शेवटी त्यांनी मोबाइलवर, जिथं तारे वाचले होते तिथंच, स्वतःचं खरं मत लिहायचं ठरवलं. काच, दार, सगळं मुद्देसूद लिहिलं. त्यांच्या हिशोबानं साडेतीन तारे होत होते, पण तिथं अर्ध्या ताऱ्याची सोयच नव्हती. तीन की चार, यावर तासभर गेला. दिले चार.

"काहून चार?"

"आपण निवडलेली गाडी आहे. तीन देल्ले तर लोक आपल्यालेच हसतीन."

मागच्या महिन्यात शेजारचे काका-काकू तीच गाडी घ्यायची म्हणून विचारायला आले. बाबूजी ताऱ्यांवर बोलायला लागले, तोच आई आतून म्हणाली, "आधी मागच्या सीटवर बसून पाहा, मंग ठरवा." मागे नेहमी आईच बसायची, पण तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. रविवारी सगळे आमच्या गाडीनं रामपायलीला देवदर्शनाला जाऊन आले. परतल्यावर मागे बसलेल्या काकू कंबर धरूनच उतरल्या, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी दुसरीच गाडी बुक केली.

बाबूजी दोन दिवस वही उलटसुलट चाळत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः, पहिल्यांदाच, मागे जाऊन बसले. "चाल, हट्टा गावापर्यंत घे."

पहिल्याच ब्रेकरवर मागून आवाज आला, "अरे बापा!" आणि पाठोपाठ, "तुझी आई इतके दिवस बोलली काहून नाई?"