मागून येणारी वीज

माझी बायको मालती गेल्याला आठवडा झाला होता. बहिणीची मुलगी मुग्धा पिठलं-भात घेऊन आली. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून मी तिच्या संगणकाच्या चिप बनवण्याच्या कामाबद्दल विचारलं.

"मामा, आतापर्यंत वीज आणि संदेश, दोन्ही चिपच्या पुढच्याच बाजूने जायचे. तारांची नुसती दाटी. आता वीज मागून द्यायची." तिने चहाची बशी पालथी करून दाखवली. "पुढची बाजू फक्त बोलण्यासाठी! हसू नकोस, यात आमची वर्षं गेलीत."

मी पालथ्या बशीकडे बघत राहिलो. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांशी बोलायचो मी. कुणाच्या मुलीचं नाव काय, कुणाची आई आजारी आहे, हे मालती आधी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगून ठेवायची. बोलका म्हणून नाव मात्र माझं झालं. आता खोलीत माणसं येतात आणि मी त्यांच्याकडे नुसता पाहत बसतो.

मुग्धा उठली. सुतकाच्या घरातून निघताना "येते" म्हणत नाहीत, म्हणून ती गप्पच चपला घालू लागली. मला ते सोसेना.

"मुग्धा," मी म्हणालो, "येते म्हण गं."