भोपळ्याखालची तिवई

हंगामाच्या सणाला आमच्या चर्चमध्ये शेतातलं पहिलं पीक वेदीसमोर मांडतात. यंदा मधोमध भलामोठा लाल भोपळा होता. त्याच्याखालची तिवई मी लगेच ओळखली. वर फळी ठोकली होती, पण तिवई पप्पांच्या दुर्बिणीचीच होती.

पप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. रविवारी संध्याकाळची उपासना संपली की ते चर्चच्या अंगणात दुर्बीण लावत. शनीची कडी दिसली की बडबडी माणसंही गप्प व्हायची. "एक डोळा मिटा, एक उघडा ठेवा," पप्पा सांगायचे, "माझी तरी प्रार्थना अशीच होते." आमचे आताचे पाळक तेव्हा कॉलेजात होते. कडी पाहून त्यांना रडू फुटलं होतं आणि पप्पांनी त्यांना जवळ घेतलं होतं. वारण्याआधी पप्पांनी दुर्बीण त्यांच्याच भरवशावर चर्चला दिली.

"दुर्बीण कुठे आहे?" मी पाळकांना विचारलं.

"माळ्यावर ठेवलीय, ताई. सर होते तेव्हाची गोष्ट वेगळी. आता लोकांच्या मनात नको ते प्रश्न येतात."

प्रश्न तर पप्पांनाही पडायचे. ते प्रश्न घेऊनच ते चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे. प्रश्न विचारल्यानं देव रुसत नाही, हे या माणसाला त्यांनीच शिकवलं होतं. एखाद्या परक्यानं दुर्बीण माळ्यावर टाकली असती, तर मला इतकं लागलं नसतं.

"डोळे मिटून प्रार्थना करू या," पाळक म्हणाले.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी एकच मिटला.