हुकावर टेकलेली माय

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. माझा धाकटा भाऊ बबन दिवेलागणीला सायकलवरून येताना रस्त्यात उभ्या असलेल्या एका ट्रेलरवर मागून आदळला आणि गेला. त्या ट्रेलरला मागे एकही दिवा लागत नव्हता. आणि मी कोण, तर ट्रकांचं वायरिंग करणारा माणूस. नागपूरहून कोराडीला जाणाऱ्या रस्त्यावर, मानकापूरच्या पुढे माझं टिनाचं दुकान. साऱ्या जगाच्या गाड्यांना मी दिवे लावायचे आणि माझाच भाऊ अंधाराने न्यायचा, हे मला काही केल्या पचेना. दर नवरात्रात अनवाणी कोराडीच्या देवीला जाणारा मी, दोन वर्षं तिकडे फिरकलोही नाही. बायको सिंधू एकटी जाऊन यायची आणि प्रसाद कोनाड्यात ठेवायची. मी त्याला हात लावत नसे.

तिसऱ्या वर्षी अष्टमीला सिंधूचा एकुलता एक भाऊ श्रावण आपला ट्रक आणि मागचा ट्रेलर घेऊन आला. लोखंडी पाइप घेऊन त्याला छिंदवाड्याला जायचं होतं आणि वाटेतला घाट अंधारातच लागणार होता. दसरा तोंडावर आला म्हणून त्याने गाडी नवरीसारखी सजवली होती. काळा ऑइलपेंट, अगदी ट्रक-ट्रेलर जोडायच्या हुकापर्यंत. मीही कौतुक केलं, वरून हुकाला ग्रीस चोपडलं. मागच्या दिव्यांचं मात्र मी मनावर घेतलं होतं. भंगारातून हेडलाइटच्या दोन जुन्या वाट्या आणल्या, लाल काच बसवली, एकेकीत दोन-दोन बल्ब घातले. कोसभरावरून दिसले पाहिजेत, असा माझा हट्ट होता.

ट्रकमधल्या वायरी जोडाच्या प्लगमधून ट्रेलरमध्ये घेतल्या, बटण दाबलं, तर दिवे नुसते मिणमिणायला लागले. श्रावणने ब्रेक दाबला की तेही मरायचे आणि भलताच इंडिकेटर उजळायचा. प्लग तीनदा खोलला. बल्ब बदलले, वायरी तपासल्या. पंधरा वर्षांचा कारागीर म्हणवणारा मी, आणि अक्कल चालेना. डबा घेऊन आलेली सिंधू एका बाजूला उभी होती.

"भाऊजी, चार वाजून राहिले," श्रावण म्हणाला. "नाही झालं त असाच जातो. माल सकाळी पोचवा लागते."

"अहो, त्याले असा नका जाऊ देऊ," सिंधू एवढंच बोलली. तिच्या डोळ्यांत बबनच होता, मला कळलं. मी ट्रेलरखाली आडवा झालो आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा देवीशी बोललो, तेही भांडल्यासारखा. बबनले दिवा दाखवला नाही तू, आता याले तरी दाखव. माह्याच्यानं होत नाही.

तेवढ्यात रस्त्याने कोराडीला चाललेल्या अनवाणी बायांतली एक म्हातारी मागे राहिली आणि सावली पाहून थेट आमच्याकडे आली. नागपूरच्या महाल भागातली होती, सारा जन्म मागावर बसून साड्या विणलेली, हे तिने नंतर सांगितलं. ट्रक आणि ट्रेलरच्या मधल्या दांड्यावर, अगदी हुकाजवळ, ती खुशाल टेकली.

"ओ माय, तिथं नको बसू वं, ग्रीस लागन लुगड्याले," मी खालूनच ओरडलो.

"लागू दे गा. पाय भाजून राहिले माहे."

आणि मागचे दोन्ही दिवे भक्कन पेटले. श्रावणने ब्रेक दाबला तरी तसेच. माझ्या ओरडण्याने ती बिचारी उठली, तर पुन्हा मिणमिण. मी तिला पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं, पुन्हा बसवलं.

"काहून उठबस करून राहिला माही?" ती वैतागली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दिव्याकडे गेलेली वीज परत यायला वाट लागते. आमच्याकडे सगळेच ती वाट गाडीच्या लोखंडातून घेत, म्हणजे हुकातूनच. तेवढीच एक वायर वाचायची. तो हुक आम्हीच भक्तिभावाने रंगवून, ग्रीस लावून बंद केला होता. म्हातारीच्या वजनाने लोखंड लोखंडाला टेकलं, की वाट मोकळी व्हायची. प्लगमधली एक पिन रिकामी होती. तिच्यातून परतीची वेगळी वायर टाकली आणि ट्रेलरच्या लोखंडाला रंग खरवडून घट्ट आवळली. मग कोणी बसो की उठो, दिवे हलले नाहीत.

पाचच्या सुमारास श्रावण निघाला. बबन गेल्यापासून मला कुठल्याही ट्रेलरच्या पाठीकडे पाहवत नसे. त्या दिवशी ते दोन लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत मी रस्त्यात उभा राहिलो आणि रडलो. मग चपला दुकानातच काढल्या. म्हातारी म्हणाली, "चाल मंग." सिंधू, मी आणि ती, तिघंही कोराडीला गेलो. देवीसमोर जोडलेल्या माझ्या हातांना ग्रीस तसंच होतं.

श्रावण दोन दिवसांनी सुखरूप आला. घाटात टायर फुटून त्याला गाडी वळणावरच उभी करावी लागली होती. मागून आलेली बस लांबूनच हळू झाली. बसचा ड्रायव्हर म्हणे दिवे पाहायला मुद्दाम खाली उतरला. ऐकून सिंधूने पदर तोंडाला लावला.

त्या माउलीला देवीने पाठवलं की नुसत्या उन्हाने, मी कधी विचारत बसलो नाही. तिचे उपकार मात्र विसरलो नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक नको म्हणालं तरी परतीची वायर मी टाकतोच. बबन का गेला, हे मला आजही कळलेलं नाही. पण त्या अष्टमीच्या रात्री कोराडीहून घरी आल्यावर सिंधूने सवयीने प्रसाद कोनाड्यात ठेवला, तेव्हा श्रावण घाटात कुठे असेल, कसा असेल, काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं होतं. मी उठलो, कोनाड्यातला प्रसाद घेतला आणि खाल्ला.