परबांचं एरर पेज

इथले भुताखेतांचे अनुभव मी डबा खाताना वाचते आणि हसते. मी जावामधली डेव्हलपर. माझ्या जगात जे बिघडतं त्याचं कारण लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिम आपोआप ठेवते त्या नोंदींमध्ये, असतंच. सापडलं नाही तर नीट शोधलं नाही, एवढाच अर्थ. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण डोक्यातून जात नाहीये.

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत आमचं ऑफिस. आम्ही एका रक्तपेढीची वेबसाइट सांभाळतो. हॉस्पिटलची सिस्टर फॉर्म भरते, पेशंटसाठी रक्ताच्या बॅगा राखल्या जातात, मग त्यांचा माणूस येऊन घेऊन जातो.

आमच्याकडे एक पद्धत आहे. टेस्टिंग चालू असताना एरर पेजवर, म्हणजे काही बिघडलं की समोर येतं त्या पानावर, ज्याचा कोड त्याचं नाव आणि टेबलावरच्या फोनचा नंबर टाकायचा, म्हणजे शिव्या योग्य माणसाला पोचतात. परब सर तर लाइव्ह साइटवरही स्वतःचं नाव ठेवायचे म्हणे. लोकांना एरर नको असतो, माणूस हवा असतो, असं त्यांचं म्हणणं. ‘म्हणे’ अशासाठी, की मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. ते हार्ट अटॅकने गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. टेबल तेच, फोनही तोच – फक्त वायर काढून गुंडाळून ठेवलेली. पेजवरचं नाव मॅनेजरने केव्हाच काढलं होतं.

त्या दुपारी साइट कोसळली. ड्यूटी खरं तर माझी टीममेट प्रज्ञाची, पण ती ‘स्नेहल, तू बघ गं जरा’ म्हणून बँकेत गेलेली. मी बसलेय हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यात आमचं एरर पेजच फुटलं होतं. चूक काहीही असो, समोर नुसतं पांढरं कोरं पान, आणि लॉगमध्ये मूळ चुकीऐवजी त्या पेजचंच रडगाणं. माझी वाट लागली होती.

शोधता शोधता एक अर्धवट नोंद दिसली. मुलुंडचं हॉस्पिटल, बाळंतपणानंतर रक्तस्राव, बी निगेटिव्हच्या दोन बॅगा. बॅगा राखल्या गेल्या होत्या, पण सिस्टरला ते दिसलं नसणार. अशा वेळी कुणीही पुन्हा बटण दाबतं. इथे पुन्हा दाबलं की दोन्ही मागण्या रद्द होऊन बॅगा अडकतात, आणि पेढीत त्या गटाच्या तेवढ्याच होत्या. मी घाबरून हॉस्पिटलला फोन लावला.

सिस्टर शांतपणे म्हणाली, “नाही दाबलं. तुमच्या परब सरांनी सांगितलं ना मघाशी. आमचा माणूस बॅगा घेऊन निघालासुद्धा.”

कोण परब, असं मी विचारलं. पेजवर नाव होतं, नंबर होता, तोच लावला, असं ती म्हणाली.

फोन माझ्या कोपराशी होता. वायर गुंडाळलेलीच.

साइट चालू केली. प्रज्ञा परतल्यावर तिला सांगितलं. तिचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. “पाणी पी आधी. जुनं पेज राहिलं असेल त्या सिस्टरच्या ब्राउझरमध्ये,” ती म्हणाली. तपासलं, तर तिथला कॉम्प्युटर नुकताच आलेला, जुनं पेज त्यावर कधी उघडलंच नव्हतं. मग प्रज्ञाने तो नंबर स्वतःच्या मोबाइलवरून लावला. नंबर अस्तित्वात नाही, अशी टेप लागली. कनेक्शन कधीच बंद केलेलं होतं.

चैन पडेना. संध्याकाळी मी सिस्टरला पुन्हा फोन केला, स्पीकरवर. बाई वाचली होती, बाळही छान होतं. मला तिथेच रडू आलं. मग विचारलं, ते नेमकं काय म्हणाले?

“परत बटण दाबू नका, माणूस पाठवा, एवढंच. मी जरा चढ्या आवाजात बोलले, इथे बाई हातची जायची वेळ आली होती. तर म्हणाले, स्नेहल बघतेय. नवीन आहे, पण नीट करेल. तिच्यावर चिडू नका.”

प्रज्ञा त्यांच्या हाताखाली शिकलेली. “असंच बोलायचे ते,” एवढं म्हणून तिने तोंड फिरवलं.

लॉग मी अजून चाळते. काही सापडत नाही. मी नीट करेन याची त्या दुपारी मला स्वतःलाही खात्री नव्हती.