मिरचीची रोपं बाहेर कधी काढायची

माझं शेवटचं पोस्टिंग कॅनडातलं एडमंटन, मुलाच्या घराचं बेसमेंट. साल २००९. रिटायर्ड सुभेदाराला तिथे काम नव्हतं, म्हणून मार्चमध्ये मी मिरचीचं बी पेरलं. बाहेर बर्फ, आत ट्यूबलाइटखाली ट्रे. त्या मुलखात थंडी शत्रूसारखी दबा धरून बसते. मेच्या लाँग वीकएंडपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. तिथून आठ-दहा आठवडे मागे मोजायचे आणि बी लावायचं.

बी नायक दत्तू शिंदेच्या घरचं. दत्तू माझ्या प्लाटूनमधला. तो गेल्यावर त्याची बायको दरवर्षी पुडी पाठवायची. त्या हिवाळ्यात तीही गेली. पुडीतलं सगळं बी मी पेरलं होतं.

एप्रिलअखेर डॉक्टरकडून परतलो, तर ट्रे घरामागच्या उघड्या डेकवर, भर उन्हावाऱ्यात. पानं पांढरी पडलेली, रोपं आडवी.

"कोणी काढले?"

"मी," माझा मुलगा अभय म्हणाला. "टेम्परेचर प्लस एटीन आहे, बाबा. वेदर क्लिअर आहे."

"आत घे. आत्ता."

"चिल, बाबा. दे आर जस्ट प्लांट्स."

माझं डोकं फिरलं. त्या क्षणी मला तो डोळ्यांसमोर नको होता.

'वेदर क्लिअर', हेच शब्द मी नोकरीत असताना बर्फातल्या उंच पोस्टवर वायरलेसवर ऐकले होते. दत्तू रजेवरून बेस कॅम्पला परतला होता. अशा जवानाला आधी खाली थांबवून उंचीची सवय करायची, मगच वर पाठवायचं, हा नियम.

"वेदर क्लिअर है. शिंदे को आज भेज रहा हूँ. ओव्हर," बेसवरचे कॅप्टन म्हणाले.

"सर, उसका ॲक्लिमटायझेशन बाकी है. ओव्हर."

"भेज रहा हूँ. आउट."

दत्तू हसत पोस्टवर पोचला. रात्री त्याच्या छातीत पाणी भरलं. सकाळी ढग उतरले, हेलिकॉप्टर आलं नाही. दुपारी तो गेला. त्या कॅप्टनला मी आजही माफ केलेलं नाही.

हे अभयला मी तिथेच, डेकवर, पहिल्यांदा सांगितलं. त्याने ट्रे आत नेले. अर्धी रोपं मेली. आठवडाभर आमचं बोलणं नव्हतं. जगलेल्या झाडांचं बी मी धरलं.

पुढच्या मेमध्ये अभयनेच ट्रे बाहेर काढले. पहिल्या दिवशी सावलीत, तासभर. स्वतः शेजारी उभा राहिला.

"बाबा, तास झाला. आत घेऊ?"

"घे."

एकेक ट्रे दोन्ही हातांनी सांभाळत तो बेसमेंटच्या पायऱ्या उतरला. दत्तूलाही आम्ही असंच जपून खाली उतरवलं होतं, तीन दिवसांनी, वेदर क्लिअर झाल्यावर.