बेल आमीच उचलला

सायबाची मोटार वळनाआड गेली न गेली, तोच ठेकेदार म्हनला, "लुगडी सोडा."

आमी सात बाया. अंगावर कोरी लुगडी, सकाळी त्यानंच वाटलेली. लढाईचं दिवस. कापड कुठं डोळ्यांनी दिसत न्हवतं, आन ह्या बाबानं सात लुगडी आनली. आमाला वाटलं, चला, देवानं बुद्धी दिली. सकूआत्या, माझ्या मालकांची आत्या, तिनं तर पदर नाकाला लावून वास घेतला. आन आता म्हनतोय सोडा. समदं बापय गडी तिथंच उभं. झाडाआड जाऊ का इचारलं, तर म्हनला, "कोळशात लोळनाऱ्या बायांना कसली आलीय लाज? काट्यानं फाटतील. हितंच सोडा."

सोडली. मी खाली बसले, दोन्ही हातांनी अंग झाकलं. मालकांनी डोईचं मुंडासं सोडून माझ्यावर टाकलं. ठेकेदारानं लुगड्यांच्या घड्या घातल्या, पेटीत ठिवल्या. पुढच्या येळंला लागतील म्हनून.

आमी धनगर. वेल्ह्याच्या वर, तोरन्याच्या अंगाला आमची वस्ती. बुळकांडीनं जनावरं गेली, दावनी मोकळ्या झाल्या. त्याच थंडीत ठेकेदार आला. रानातली लाकडं जाळून कोळसा पाडायचा, त्यो पुन्याच्या एका मोटार कंपनीला द्यायचा. पेट्रोल मिळत न्हवतं, म्हनून मोटारीच्या मागं लोखंडी टाकी लावायची, त्यात कोळसा धुमसायचा, त्याच्यावर मोटार पळायची. सायबाची बी तसलीच.

कागद न्हाई, आंगठा न्हाई. त्यानं परातीत बेल आन भंडारा आनला. "उचला. म्हना, पाऊस पडंस्तवर भट्टी सोडनार न्हाई." आमी उचलला, घरटी एकानं, आमच्या घरचा मालकांनी. धनगरानं बेलभंडारा उचलला की विषय संपला. मोडला तर वंस बुडतो. बेल उचलल्यावर वस्तीवर जायचं न्हाई, बाजाराला जायचं न्हाई, वंजळभर नाचनीवर ऱ्हायचं. कुनी आमाला दोरीनं बांधलं न्हवतं. गरजच न्हवती.

पुन्याच्या पेपरात छापून आलं म्हनं, डोंगरात मानसं कोंडून कोळसा पाडत्यात. म्हनून कंपनीनं सायब धाडला. वहीत बघून इचारायचा, "इथं कुणाला जबरदस्तीनं ठेवलंय का?" ठेकेदार त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा. आमी शिकवल्यावानी म्हनलं, "न्हाई सायब, राजीखुशीनं." त्यानं लिहून घेतलं आन गेला.

शिमगा झाला आन ते घडलं. भट्टी म्हंजे लाकडं रचायची, वर पाला, वर माती, आन आत धुमसत ठिवायचं. मातीला चीर पडली की वर चढून लिंपायची, न्हाईतर समदं पेटून राख. मालक चढलं. आतलं लाकूड बसलं व्हतं, माती वरनं पोकळ. मांडीपतोर पाय आत गेला. ओढून काढला तवा कातडं आतच ऱ्हायलं.

भोरला दवाखाना व्हता. डोलीला चार गडी लागनार. ठेकेदार म्हनला, "चार गडी गेल्यावर भट्ट्या कोन राखनार? बेल उचललाय न्हवं?" मी त्याच्या पायतानावर डोकं ठिवलं. काय उपेग न्हाई. तरी चार गडी उठलं व्हतं, खोटं कशाला बोलू. उठून डोलीसाठी वासा शोधत व्हतं. तवा मालकच पडल्या जागेवरनं म्हनलं, "नको रं. बेल मोडायचा न्हाई." गडी खाली बसलं.

म्या त्यांच्या तोंडावर हात ठिवायला पायजे व्हता. ते बोलायच्या आधी. ठिवला न्हाई.

पाचव्या दिवशी गेलं. माती सारून आले न आले, ठेकेदार परात घिऊन म्होरं. "त्याच्या जागी तू उचल."

म्या परातीकडं बघितलं. मंग त्याच्या हाताकडं. परात त्यानं उपरन्याच्या सोग्यात धरली व्हती. बोटाला भंडारा लागू नये म्हनून. अगं बाई! आमी अकरा घरांनी उचलला, आन ह्या मेल्यानं परात बी हातानं धरली न्हाई. त्यो कशालाच बांधला न्हवता. इतकं दिस हे डोळ्यांम्होरं व्हतं.

"सुतक हाय," म्हनलं. सुतकात भंडारा शिवत न्हाईत, त्याला बी ठाव व्हतं. म्हनला, "बरं. तेरावं झाल्यावर."

त्याच्या आतच सायब परत यायचा सांगावा आला. पेटीतली लुगडी निघाली. मी नेसले न्हाई. ठेकेदार मला म्हनला, "मंग भट्टीमागं बस, दिसू नगंस." बसले. सायब आला, तिथनं समदं ऐकू येत व्हतं. तीच वही, त्योच सवाल, "न्हाई सायब, राजीखुशीनं."

मी उठून बाहीर आले. अंगावर काळं फडकं, केस पिंजारलेलं. "सायब, ह्याला त्या वळनावर उभा करा. मंग इचारा."

सायब गोंधळला. ठेकेदार हसला. "नवरा गेलाय तिचा. डोस्कं फिरलंय."

"खरं का हो, आजी?" सायबानं सकूआत्याला इचारलं.

आत्या नव्या लुगड्यात खाली बघत उभी. भाचा गेला व्हता तिचा, हातावर खेळवलेला. म्हनली, "व्हय सायब. फिरलंय."

पन थांबले न्हाई. ठेकेदाराला म्हनलं, "मंग तुमी बेल उचला. म्हना, पोटाला घालीन, जायबंदी मानसाला दवाखान्यात न्हीन. उचला, सायबाम्होरं."

"मी कशाला उचलू? मी काय तुमचा गडी हाय?"

"ऐकलं का?" म्या समद्यांना इचारलं. ऐकलं व्हतं. कुनी मान वर केली न्हाई.

सायबानं वही मिटली. "बाई, आमचा व्यवहार ठेकेदाराशी आहे. तुमच्याशी नाही." डायव्हर टाकीत कोळसा वतत व्हता. आमचाच.

मी वाट धरली. मागनं ठेकेदार वराडला, "वंस बुडंल तुझा!" म्या वळून म्हनलं, "त्यो तू आधीच पुरलास." कुनी मागं आलं न्हाई. एक बी न्हाई.

आता नसरापुरात असते, चार घरची धुनी धुते. बेल मोडल्याची भीती गेली न्हाई. ठेच लागली तरी वाटतं, बेलच भोवला. सडकंनं मोटार गेली, मागं धूर दिसला, की मालकांचा पाय दिसतो. मंग दिसभर अन्न जात न्हाई.

दोनदा पुन्याला चालत गेले, कंपनीच्या दारात. पयल्यांदा म्हनलं, सायब न्हाईत. दुसऱ्यांदा सायबच बाहीर आला, म्हनला, "ठेकेदार काय करतो ते आम्हाला कसं कळणार?" मी परत आले. लई चुकलं माझं. तिथंच म्हनायला पायजे व्हतं, तुमाला कळंल असं तुमी इचारलंच न्हाई.

यंदा थंडी पडली, आन आत्यानं परत बेल उचलला. मला बाजारात कळलं.

उद्या मी तिसऱ्यांदा निघनार हाय. परत यायचं धरून न्हाई. मालकांचं नाव, त्यांचा पाय, ते पाच दिस, समदं त्या वहीत लिहून घ्यायला लावीन, आन त्या सायबाला ठेकेदाराबिगर भट्टीवर आनीन. तवर त्या दारातनं उठायची न्हाई. कोळशाच्या गाड्या आत न्यायच्या असल्या, तर माझ्या अंगावरनं न्या.